कटिंगचा ग्लास

रविवार, सकाळचे साडेआठ. वाकोल्यात पाइपलाइनच्या बाजूची शटरं अजून अर्धीच वर गेली आहेत. मामांचं गॅरेज मात्र उघडं आहे. गॅरेज म्हणजे एक गाळा, त्याच्यासमोर एक गाडी मावेल एवढी जागा आणि त्या जागेत फळ्यांनी झाकलेला खड्डा. मी गाडी फळ्यांच्या अलीकडे थांबवते आणि उतरल्या उतरल्या मामांच्या हातात कागद ठेवते.

"डावीकडे ओढतेय."

मामा चष्मा कपाळावरून नाकावर आणतात. अलाइनमेंटचा छापील कागद आहे. गाडीचं वरून काढलेलं चित्र, चार कोपऱ्यांत चार चाकं, प्रत्येक चाकापाशी आकडे आणि सगळे आकडे हिरवे.

"हा तर पास झाल्याचा निकाल आहे."

"तीच तर पंचाईत आहे."

मंगळवारी एका चकचकीत दुकानात अलाइनमेंट केली. बुधवारपासून गाडी फुटपाथच्या प्रेमात पडल्यासारखी वागतेय. शुक्रवारी परत गेले. त्यांनी पुन्हा मशीनवर चढवली, पुन्हा सगळं हिरवं आलं, आणि स्क्रीनकडे बोट दाखवून त्यांनी मला निरोप दिला. बुधवारपासून उजव्या हाताने स्टिअरिंग जरासं खाली ओढून धरते आहे. खांदा भरून आलाय.

मामा गाडीकडे बघतही नाहीत. आधी माझी उलटतपासणी. "ब्रेक मारल्यावर ओढते, की नुसती चालताना?" चालताना. "ब्रेकवर जास्त होतं?" नाही. "गाडी सरळ जाते आणि स्टिअरिंग वाकडं दिसतं, असं तर नाही ना?" नाही, हात सैल केला की गाडीच जाते डावीकडे. मामा मान हलवतात. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि निम्मी गिऱ्हाइकं एकीच्या जागी दुसरी सांगतात, असं त्यांचं म्हणणं. स्टिअरिंग सरळ धरून न ठेवता टाय रॉड फिरवले, तर स्टिअरिंग वाकडं बसतं. गाडी मात्र नाकासमोर चालते.

"हवा बघ रे."

पोरगा गेज घेऊन पुढच्या चाकांपाशी उकिडवा बसतो. "डावा तेहेतीस. उजवा तेहेतीस." मामांच्या चेहऱ्यावर किंचित निराशा. डाव्यात पाच-सात पौंड कमी निघाली असती, तर काम दहा रुपयांत आटोपलं असतं.

मग ते कागद बॉनेटवर पसरतात. वरून विमान जातं, आम्ही दोघंही बोलायचं थांबतो. आवाज विरला की मामा स्वतःचीच पावलं वापरून शिकवायला लागतात. अंगठे आत वळवून उभे राहतात, मग फेंगडे. "हा टो." गुडघे बाहेर काढून उभे राहतात. "हा कॅम्बर." कॅस्टरसाठी पाय कामाला येत नाहीत. भिंतीला टेकलेल्या पोराच्या सायकलीकडे बोट जातं. पुढचा चिमटा जसा तिरपा असतो, तसा चाकाच्या वळण्याच्या आसाचा मागे कललेला तिरपेपणा. कॅस्टर डावीकडे कमी असेल तर गाडी डावीकडे जाईल. डावं चाक वरच्या बाजूला उजव्यापेक्षा जास्त बाहेर कललेलं असेल, तरी डावीकडेच. दोन्ही बाजूंत अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असला, तर मामा त्याच्यावर संशय घेतात. इथे फरक त्याच्या निम्माही नाही.

"आणि यातलं त्यांनी फिरवलं काय असेल?" मामा विचारतात आणि स्वतःच उत्तर देतात. "नुसता टो. या छोट्या गाड्यांत कॅम्बर-कॅस्टर फिरवायला कंपनीने बोल्टच ठेवलेला नाही. मशीन दाखवतं, आपण बघायचं."

गंमत पुढे आहे. पुढचा टो चुकला, तरी चालताना तो दोन्ही चाकांत सारखा वाटला जातो. टायरची कड खरवडून निघते, पण गाडी एका अंगाला ओढत नाही. म्हणजे जी एकच गोष्ट दुकानात फिरवली गेली, तिच्याने हा आजार होतच नाही. मी चार दिवस दुकानाला मनातल्या मनात जे ऐकवलं, त्यातलं बरंचसं परत घ्यावं लागणार, असं वाटायला लागतं.

मामा चालवायला बसतात, मी शेजारी. वेस्टर्न एक्सप्रेस हायवे रविवारी सकाळी जेवढा रिकामा असू शकतो तेवढा आहे. पुढे-मागे कोणी नाही असं बघून मामा पन्नासच्या वेगाला तळवे स्टिअरिंगपासून बोटभर दूर नेतात. एक, दोन, आणि गाडी पट्टा ओलांडायला निघते.

"थोडी जाणारच," ते म्हणतात. "रस्ताच डावीकडे उतरता. पाणी जायला नको?" आपण डाव्या बाजूने चालवतो, रस्त्याचा उतार कडेकडे, म्हणून आपल्याकडची निरोगी गाडीही हात सोडला की हळूहळू डावीकडे झुकते. वाकोल्याच्या माणसाला उताराचं महत्त्व सांगायला नको. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, ती वेधशाळा इथून हाकेच्या अंतरावर. मामांच्या खड्ड्यातला जॅक त्या वेळी तीन दिवसांनी सापडला. "पण उताराने एवढी नाही ओढत," मामा पुन्हा मुद्द्यावर येतात. "ही हात सोडायचीच वाट बघते."

विमानतळाच्या उड्डाणपुलाखालून वळून आम्ही परत. उतरल्यावर मामा आधी डाव्या रिमजवळ तळहात नेतात, मग उजव्या. आजारी माणसाचं कपाळ बघावं तसं. दोन्ही सारखीच कोमट. कॅलिपर अडकून ब्रेक चिकटत असता, तर डावं चाक चटका देण्याइतकं तापलं असतं. पोरगा खड्ड्यात उतरतो, लोअर आर्मच्या बुशांना पहारीने ढोसतो. "उस्ताद, टाइट है."

चहा येतो. मामा ग्लास हातात घेऊन उभे आहेत, गाडीकडे बघत.

"बिल आहे?"

पर्समध्ये आहे. तीन ओळी: अलाइनमेंट, बॅलन्सिंग, रोटेशन. मामांचं काळं बोट तिसऱ्या ओळीवर थांबतं.

"टायर फिरवलेत की ताई! पुढचे मागे, मागचे पुढे. आधी का नाही सांगितलं?"

मला ते सांगण्याजोगं वाटलंच नव्हतं. मागचे दोन टायर वर्षापूर्वी घेतलेले, तेव्हापासून मागेच होते. आता ते पुढे आलेत.

मामा चहाचा शेवटचा घोट घेतात, वाकून ग्लास लादीवर आडवा ठेवतात आणि बोटाने ढकलतात. कटिंगचा ग्लास, तोंड रुंद, बूड अरुंद. वीतभर सरळ गेल्यासारखा वाटतो आणि मग बुडाच्या बाजूला वळत वळत माझ्या चपलेला येऊन टेकतो.

"टायर असा झालाय."

टायरच्या आत पोलादी तारांचे पट्टे असतात. बनताना ते मधोमध न बसता जरा एका अंगाला बसले, की हवा भरल्यावर त्या टायरच्या दोन कडांचा घेर सारखा राहत नाही. फरक इतका बारीक की डोळ्याला दिसत नाही. बॅलन्सिंगचं साधं मशीन वजन बघतं, आणि वजनात खोट नाही. अलाइनमेंटच्या मशीनचे चिमटे रिमला धरतात, त्यामुळे टायर कसा आहे हे त्याच्या कानावरच जात नाही. मागच्या चाकाला वळायचं नसतं, म्हणून वर्षभर हे दुखणं दबून राहिलं. पुढे येताच त्याने स्टिअरिंग हातात घेतलं. हिरवे आकडे खरे होते, माझा खांदाही खरा होता.

अंदाज बरोबर की चूक, हे बघायची रीत जुनीच आहे. पोरगा खडूने पुढच्या डाव्या टायरवर 'डा', उजव्यावर 'उ' लिहितो. मामा टायरच्या भिंतीवर बाण आहे का ते बघतात. बाण असता तर बाजू बदलून चालवणं बरोबर नव्हतं. बाण नाही. जॅक, पाना, 'डा' उजवीकडे, 'उ' डावीकडे. पुन्हा हायवे. मामा तळवे उचलतात आणि गाडी, तीच गाडी, उजवीकडे निघते.

मी आनंदाने ओरडते. बिघडलेली गाडी उलट्या बाजूला बिघडली याचा एवढा आनंद होईल असं वाटलं नव्हतं. दोष अलाइनमेंटचा असता, तर टायर बदलूनही ती डावीकडेच गेली असती.

आता दोनांतला कुठला? मामा 'डा'वर बोट ठेवतात, तो मागे जातो. फेरी. अजून उजवीकडे. "चुकलो," ते बिनधास्त म्हणतात आणि पोरगा तिसऱ्यांदा जॅक लावतो, या वेळी मामांकडे न बघता. 'डा' पुन्हा पुढे, 'उ' मागच्या डाव्या चाकाच्या जागी.

"या वेळी तुम्ही चालवा."

मी बसते. हायवेला लागते, वेग पन्नासवर नेते. आणि गाडी हळूच उजवीकडे सरकायला लागते. माझा चेहरा पडतो. "मामा, अजून—"

मामा माझ्या उजव्या हाताकडे बघतायत. तो हात चार दिवसांच्या सवयीने स्टिअरिंग खाली ओढून धरून बसलाय.

"ताई, आता गाडी नाही ओढत. तुम्ही ओढताय."