मॅक्झिमचा सायलेन्सर आणि आपले कान

1 जानेवारी 2026 पासून अमेरिकेत बंदुकीच्या सायलेन्सरवरचा 200 डॉलरचा कर शून्यावर आला. 1934 साली बसवलेला हा कर 91 वर्षं जागचा हलला नव्हता. टेक्सासातल्या रेंजवर सुट्टीच्या दिवशी .22 रायफल घेऊन कागदी लक्ष्यांवर नेम धरणाऱ्या माझ्यासारख्यांना याचा आनंद होणारच. पण या वस्तूबद्दलचा एक गैरसमज त्या करापेक्षाही चिवट निघाला आहे. सायलेन्सर लावला की बंदूक मुकी होते, असं अजूनही सर्रास मानलं जातं आणि त्यापायी चांगली धडधाकट माणसं कान गमावून बसतात. म्हणून मागे वळून बघावंसं वाटलं.

सुरुवात होते ती हायरम पर्सी मॅक्झिमपासून. मशीनगनचा जनक सर हायरम मॅक्झिम हा त्याचा बाप. आयुष्यभर तोफा-बंदुकांच्या धडधडाटात काढल्यामुळे बापाला पुढे नीट ऐकूच येईनासं झालं. मुलाने 1909 साली सायलेन्सरचं पेटंट मिळवलं. कल्पना सरळ होती. गोळीच्या मागून नळीतला तापलेला, प्रचंड दाबाचा वायू एकदम बाहेर फुटतो, तोच आपल्याला ‘ठो’ म्हणून ऐकू येतो. त्या वायूला आडव्या पडद्यांमधून अडखळत जायला लावलं की त्याचा जोर आणि उष्णता दोन्ही उतरतात. मॅक्झिमने हेच तत्त्व मोटारीच्या इंजिनालाही लावलं. आपल्या मोटरसायकलचा सायलेन्सर त्याच कुळातला. बंदुकीच्या सायलेन्सरचं गिऱ्हाईक होतं परसात नेमबाजी करणारं, शेजाऱ्यांच्या झोपेची काळजी असलेलं. खुद्द माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी आपल्या विंचेस्टर रायफलला तो बसवून घेतला होता, असं सांगतात.

मग दारूबंदीचा काळ आला, टोळ्यांच्या खुनाखुनीने शहरं हादरली आणि 1934 चा कायदा झाला. त्याचा रोख होता मशीनगन आणि आखूड नळीच्या बंदुकांवर. सायलेन्सर त्या यादीत जाऊन बसला, पण त्यावर चर्चा म्हणावी अशी झालीच नाही. मोजक्या डॉलरांना मिळणाऱ्या वस्तूवर 200 डॉलरचा कर! धंदा बसला. पुढे दुसऱ्या महायुद्धातल्या गुप्तचरांनी तो वापरला, सिनेमाने उचलला, आणि पडद्यावरच्या त्या ‘फुस्स’ने लोकांची समजूत कायमची पक्की केली.

फिनलंड आणि नॉर्वेत मात्र उलटं घडलं. तिथे शिकारी सायलेन्सर लावतो तो शेजारधर्म म्हणून, शिवाय सोबतच्या कुत्र्याचे कान जपायला. मला हा दृष्टिकोन जास्त शहाणपणाचा वाटतो.

आता आकडे बघा. मोठ्या रायफलचा बार कानाशी 160 डेसिबलच्या आसपास किंवा वर जातो. 140 च्या पुढचा एकच आवाज आतल्या कानाला कायमची इजा करू शकतो. चांगला सायलेन्सर यातले साधारण 20 ते 35 डेसिबल कमी करतो. म्हणजे उरलेला आवाजही भलताच मोठा असतो. त्यात गोळी सेकंदाला सुमारे 340 मीटरपेक्षा वेगाने गेली की हवेत तिचा स्वतःचा चाबकासारखा कडाका होतो, आणि त्यावर नळीच्या टोकाचा कुठलाही डबा काही करू शकत नाही. खरी शांतता हवी तर .22 आणि ध्वनीपेक्षा मंद जाणारी काडतुसं. तरीही कान उघडे ठेवू नयेत, कारण शेजारच्या लेनमधला माणूस काय चालवतोय ते आपल्या हातात नसतं. बंदिस्त रेंजवर तर भिंती आवाज परत अंगावर फेकतात.

फोमचे बोळे बहुतेक जण चुकीचे घालतात. बोटांत वळून आधी बारीक करायचे, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, मग बोळा आत सरकवून तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने दाबून धरायचा. समोरून बघणाऱ्याला बोळ्याचा भाग बाहेर लोंबताना दिसला तर तो बसलेलाच नाही. त्यावर इयरमफ. सरावात मायक्रोफोनवाले इयरमफ सोयीचे, कारण रेंज ऑफिसरची हाक ऐकू येते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मात्र नेमबाजाला ते चालत नाहीत.

सायलेन्सर लावला की नेम थोडा सरकतो, तेव्हा दुर्बीण पुन्हा जुळवावी लागते. आटे दर थोड्या वेळाने, बंदूक रिकामी करून तपासावेत. सैल सायलेन्सरमध्ये गोळी पडद्याला घासू शकते. तो तापतोही सडकून. .22 साठी घ्यायचा तर उघडता येणाराच घ्या. काही शे फैरी झाल्या की आत काजळी आणि शिशाचा काळा, चिकट थर बसतो आणि पडदे एकमेकांना असे धरतात की सुटता सुटत नाहीत. साफ करताना हातमोजे घालाच, आणि स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ते काम कधीही करू नका. शिसं पोटात जाणं मुलांसाठी फार वाईट.

कर गेला म्हणून कायदा गेला असं नाही. अर्ज, बोटांचे ठसे, फोटो, पार्श्वभूमीची तपासणी सगळं आहे तसंच आहे. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स इथे सामान्य माणसाला सायलेन्सरवर बंदी आहे, आणि आपली मराठी वस्ती नेमकी तिथेच मोठी. एच-वन व्हिसावर असलेल्यांनी तर भाड्याची बंदूक हातात घेण्याआधीही शिकारीचा वैध परवाना काढावा, कारण संघराज्याचा कायदा त्या सवलतीवाचून त्यांना बंदूक बाळगू देत नाही. ‘रेंजवाल्याने विचारलं नाही’ ही सबब पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी महागात पडू शकते.

भारतात 1959 च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत बंदुकीचा आवाज कमी करणारी वस्तू ही स्वतःच अग्निशस्त्र ठरते. तेव्हा सुट्टीवर गावी निघताना बॅगेचा प्रत्येक कप्पा उलटा करून बघा. सायलेन्सर सोडाच, विसरलेलं एक काडतूसही विमानतळावर तुम्हाला पोलीस ठाण्यापर्यंत नेऊ शकतं.