लकव्यानंतरचा खर्च

माल घेताना आम्ही व्यापारी मीटरचा भाव आधी ठरवतो. नर्सिंग होममध्ये मात्र विचारायला लाजतो. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे नर्सिंग होमवर बंधनकारक आहे. ती वाचावी.

फालिज, म्हणजे लकवा झाल्यास रुग्णाला तातडीने हलवावेच. पण सारी पुंजी तेथेच संपली तर पुढे काय? हातापायांत हालचाल परत आणण्याच्या दृष्टीने पहिले तीन महिने फार मोलाचे, आणि फिजिओथेरपीचे पैसे नेमके तेव्हाच लागतात. सुटी मिळताच घरचे म्हणतात, “आता अल्लाह शिफा देईल.” शिफा तोच देतो, व्यायाम मात्र आपणच करून घ्यायचा. अंथरुणावरच्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी, नाहीतर पाठीला जखमा होतात. मेडिक्लेममध्ये सुटीनंतरचा किती दिवसांचा खर्च मिळतो, हे पॉलिसी घेतानाच एजंटाला विचारावे.