सायकलच्या फ्रेमवर धातूची झळाळी

क्रोम : जुन्या इटालियन पोलादी रोड बाइकची ओळख. खाली निकेल, वर क्रोमियमचा एका मायक्रॉनहूनही पातळ थर. आम्लात धुताना आणि मुलामा चढवताना पोलादात हायड्रोजन शिरतो, नळी ठिसूळ होऊ शकते. म्हणून फ्रेम नंतर 200 अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास भाजतात. ही पायरी गाळू नये.

टायटॅनियम : इथे रंग लावतच नाहीत. विजेने ऑक्साइडचा थर वाढवतात. त्याच्या जाडीनुसार रंग दिसतो. साधारण 30 व्होल्टला निळा, 60च्या आसपास सोनेरी.

कँडी रंग : चंदेरी अस्तर, त्यावर पारदर्शक रंगाचे हात, शेवटी क्लिअर कोट. प्रत्येक हातागणिक छटा गडद होते. खरचटलेली जागा जुळवणं म्हणूनच फार अवघड.

कार्बन : पावडर कोटिंगची भट्टी रेझिनला सहसा सोसत नाही. स्प्रेच करावा.