डॅशबोर्डवरची चित्रलिपी



सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३१ साली, आपल्या बडोद्यात 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु' हा कोश निघाला. कारभारातले शब्द त्यात आठ भाषांत शेजारी शेजारी मांडले आहेत. गाड्या बनवणाऱ्यांनी भाषेचा प्रश्न उलट्या बाजूने सोडवला: शब्दच काढून टाकले आणि चित्रं ठेवली. ती सगळीकडे सारखी असावीत म्हणून आयएसओ २५७५ नावाचं मानक आहे. त्यामुळे हालोलच्या कारखान्यात तयार झालेल्या गाडीतली आणि लंडनच्या काकांच्या गाडीतली चित्रं बहुतेक सारखीच असतात.

अडचण एवढीच, की ती आपल्याला कोणी शिकवत नाही. माझ्या भाचीला नुकतंच लायसन्स मिळालं. रावपुऱ्याच्या गर्दीत ती माझ्यापेक्षा सफाईने गाडी काढते, पण परवा विचारत होती, "मामा, हा घोड्याचा नाल का पेटलाय?" तो नाल म्हणजे टायरचा काप. मधलं उद्गारचिन्ह सांगतं की एखाद्या चाकात हवा कमी आहे.

तिला म्हटलं, आधी रंग बघ, चित्र नंतर. हिरवा आणि निळा म्हणजे काहीतरी चालू आहे, एवढंच. निळा बहुधा अप्परचा, समोरून गाडी आली की तो विझवायचा. पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या. लाल म्हणजे आत्ता. अल्लाउद्दीनच्या दिव्यासारखी तेलाची बुधली चालत्या गाडीत लाल पेटली, तर इंजिनातल्या ऑइलचा दाब पडलेला असतो. "गॅरेजपर्यंत तर जाऊ" म्हणणाऱ्याचं अख्खं इंजिन जाऊ शकतं. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा.

पावसाळ्यात मात्र खरा प्रश्न काचेचा. पंख्यासारखी वर रुंद झालेली काच आणि नागमोडी बाण, हे पुढच्या काचेचं बटण. चौकोनी काच म्हणजे मागची, तिच्यातल्या बारीक तारा तापतात. आता समजा, अहमदाबादच्या ९३ किलोमीटरच्या एक्सप्रेसवेवर जोराची सर आली आणि समोरची काच धुरकटली. शेजारी बसलेल्याने काचेला आतून बोट लावून बघावं. ओलं लागलं तर ती आपल्याच श्वासांची वाफ. पुढच्या काचेचं बटण दाबा आणि एसी चालू ठेवा, कारण तो हवा कोरडी करतो. गाडीच्या चित्रात गोल वळलेला बाण असलेलं बटण मात्र बंद करा. त्या बाणाने आतलीच हवा फिरत राहते. मे महिन्यातल्या उन्हात किंवा ट्रकच्या धुरामागे ते उत्तम, पण पावसात, पाच माणसं बसलेल्या गाडीत, वाफ वाढवणारं.

बोट कोरडं राहिलं तर रोग उलटा. एसी १८ वर ठेवल्याने काच गार पडली आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर जमली. वायपर फिरवा, एसीचं तापमान वाढवा, गार झोत काचेवर सोडू नका. फडक्याने काच पुसायचा आपला घरगुती उपाय तेवढा चालत्या गाडीत नको. चालवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हात येतो.

अशा वेळी पुष्कळ जण लाल त्रिकोण दाबून चारही इंडिकेटर लावतात आणि तसेच पळतात. मला याचा फार राग येतो. तो त्रिकोण बंद पडलेल्या गाडीसाठी आहे. चारही दिवे लुकलुकत असले की तुम्ही लेन बदलताय हे मागच्याला कळणार कसं?

आणखी एक दुर्लक्षित चकती, ० ते ३ आकड्यांची, शेजारी दिव्याचं चित्र. गणपतीला डिकी भरून पुण्याकडे निघालात की मागे वजन पडून गाडीचं नाक वर होतं आणि हेडलाइट थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आकडा वाढवला की झोत खाली येतो. सामान उतरवलं की चकती परत शून्यावर.