चुन्याची भट्टी आणि रासायनिक समतोल

चंद्रपूर जिल्हा म्हटला की ताडोबाचे जंगल, वाघ आणि कोळशाच्या खाणी आठवतात. याच जिल्ह्यात चुनखडीचेही मोठे साठे आहेत. म्हणूनच गडचांदूरसारख्या गावी सिमेंटचे कारखाने उभे राहिले. सिमेंट तयार करताना चुनखडी भट्टीत तापवतात. पुढे प्रवेश परीक्षेत ज्या धड्यावर तुम्हांला प्रश्न येतील, तो धडा या भट्टीतच दडलेला आहे. त्याचे नाव रासायनिक समतोल. उर्दूत आपण त्याला कीमियाई तवाजुन म्हणतो.

चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ती खूप तापवली की तिचे विघटन होते :

कॅल्शियम कार्बोनेट ⇌ कॅल्शियम ऑक्साइड + कार्बन डायऑक्साइड

कॅल्शियम ऑक्साइड म्हणजे कळीचा चुना. आता चुनखडी बंद भांड्यात तापवली, अशी कल्पना करा. वायू बाहेर जाऊ शकत नाही. तो चुन्याशी संयोग पावतो आणि पुन्हा चुनखडी बनू लागते. काही वेळाने दोन्ही क्रियांचा वेग सारखा होतो. हाच समतोल.

मग अभिक्रिया थांबली का? नाही. गडचिरोलीहून चंद्रपूरला जाणाऱ्या एस. टी.चे उदाहरण घ्या. एका थांब्यावर पाच माणसे उतरली आणि पाच चढली, तर आतली संख्या तेवढीच राहते. पण चढउतार झालेलीच असते. "समतोल झाल्यावर अभिक्रिया थांबते" हे विधान म्हणूनच चूक आहे.

कारखान्याच्या भट्टीत मात्र वायू सतत बाहेर पडतो. त्यामुळे समतोल होत नाही आणि चुना तयार होत राहतो. सिमेंट आणि चुन्याचा अभ्यास करणारे फ्रेंच शास्त्रज्ञ ल शातेलिए यांनी १८८४ साली एक तत्त्व मांडले. समतोलात बदल घडवला, तर तो बदल कमी होईल अशा दिशेने अभिक्रिया सरकते.

प्रश्न सोडवताना चार गोष्टी पाहा. पहिली, समीकरण संतुलित आहे का? दुसरी, कोणता पदार्थ स्थायू आहे आणि कोणता वायू? बंद भांड्यात समतोल असताना आणखी चुनखडी टाकली, तरी वायूचा दाब वाढत नाही. तिसरी, वायूचे मोल कोणत्या बाजूला कमी आहेत? नायट्रोजनचा एक आणि हायड्रोजनचे तीन मोल मिळून अमोनियाचे दोन मोल होतात. म्हणून दाब वाढवला की अमोनिया वाढतो. चौथी, उष्णता शोषली जाते की बाहेर पडते? समतोल स्थिरांक फक्त तापमानाने बदलतो. उत्प्रेरकामुळे समतोल लवकर येतो, पण सरकत नाही.

वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो. म्हणजे चुकीचा अंदाज केल्यास बरोबर उत्तर देणाऱ्यापेक्षा आपण पाच गुणांनी मागे पडतो. ही प्रश्नपत्रिका २०१८ पासून उर्दूतही मिळते. भाषेची अडचण त्यामुळे कमी झाली. समजून घेण्याचे काम मात्र आपलेच आहे.

नियम पाठ करणारा विद्यार्थी प्रश्नातला एक शब्द बदलला की गोंधळतो. भट्टी बंद आहे की उघडी, असे आधी विचारणारा गोंधळत नाही. प्रश्न हाती आला की तुम्हीही प्रथम तेच विचारा.