रेघेची जाडी कशात मोजावी?

डीटीपीच्या कामात एकाच पानाचे निरनिराळे घटक निरनिराळ्या मापांनी मोजण्याची रीत आहे: पुस्तकाचा आकार डेमी किंवा क्राउन अशा जुन्या ब्रिटिश कागदाच्या नावाने सांगितला जातो, समास मिलिमीटरमध्ये आखले जातात, वृत्तपत्रातील जाहिरातीची जागा सेंटिमीटरच्या हिशेबाने विकली जाते, प्रिंटरची क्षमता दर इंचाला पडणाऱ्या ठिपक्यांवरून ठरते आणि अक्षराचा आकार मात्र पॉइंटमध्येच बोलला जातो. भारताने १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत स्वीकारली, तरी छापखान्यातील ही सरमिसळ टिकून राहिली, आणि तिच्यामुळे सहसा कोणाचे काम अडतही नाही. अडचण येते ती पानावरच्या सर्वांत बारीक घटकापाशी, म्हणजे रेघेपाशी. तक्त्यातील आडव्या-उभ्या रेघा, दोन स्तंभांमधली उभी रेघ, मजकुराभोवतीची चौकट यांची जाडी मिलिमीटरच्या अंशांत असते. ती मोजण्याचे एकक चुकीचे निवडले, तर पडद्यावरचा आकडा आणि कागदावरची रेघ यांचा मेळ बसत नाही.

पॉइंट हे एकक शिशाच्या खिळ्यांच्या जमान्यातले आहे. खिळ्यांच्या आकारांत शिस्त असावी या हेतूने पॅरिसमधील पिएर-सिमाँ फूर्निए याने १७३७ मध्ये पॉइंटवर आधारलेले कोष्टक प्रसिद्ध केले; पुढे त्याच शतकात फ्राँस्वा-आंब्रुआझ दिदो याने फ्रान्सच्या राजमान्य इंचाचे बहात्तर भाग करून त्यातील एका भागाला पॉइंट मानले, आणि तो सुमारे ०.३७६ मिलिमीटरचा भरला. अमेरिकेतील खिळे ओतणाऱ्या कारखानदारांच्या संघटनेने १८८६ मध्ये आपला वेगळा पॉइंट ठरवला. तो सुमारे ०.३५१५ मिलिमीटरचा असल्याने एका इंचात बहात्तर नव्हे, तर बहात्तरांहून किंचित जास्त, म्हणजे ७२.२७ पॉइंट बसतात. डोनाल्ड कनुथ यांनी गणिती ग्रंथांच्या जुळणीसाठी रचलेल्या ‘टेक’ या प्रणालीत हाच पॉइंट आजही प्रमाण आहे. अडोबी कंपनीच्या पोस्टस्क्रिप्ट या पानाचे वर्णन करणाऱ्या भाषेने मात्र हा अपूर्णांक काढून टाकला आणि पॉइंट म्हणजे इंचाचा बरोबर बहात्तरावा भाग, अर्थात ०.३५२८ मिलिमीटर, असे ठरवले. १९८५ मध्ये पोस्टस्क्रिप्ट जाणणारा ॲपलचा लेझररायटर हा प्रिंटर आणि आल्डस कंपनीचा पेजमेकर हे एकापाठोपाठ बाजारात आले, डेस्कटॉप पब्लिशिंग हा शब्दप्रयोग रूढ झाला, आणि त्यांच्याबरोबर हा सरळ केलेला पॉइंट जगभर पसरला.

या पॉइंटांमधील फरकाची चर्चा जाणकार मोठ्या आवडीने करतात. रेघेच्या जाडीपुरती ती निष्फळ आहे. अर्ध्या पॉइंटाची रेघ अमेरिकी मापाने आणि पोस्टस्क्रिप्टच्या मापाने काढली, तर दोहोंतील अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी येते, आणि शाई कागदात त्याहून कितीतरी अधिक पसरते. सातशे पॉइंट उंचीच्या पानात हाच फरक सुमारे एक मिलिमीटरपर्यंत साठतो, म्हणून जुन्या जुळणीबरहुकूम नवे पान लावणाऱ्याने त्याकडे लक्ष द्यावे. रेघ आखणाऱ्याने दिले नाही तरी चालेल.

खरा प्रश्न पॉइंट की मिलिमीटर, असा आहे. पीडीएफ फाइलमध्ये रेघेची जाडी ज्या मूळ एककात नोंदली जाते ते इंचाच्या बहात्तराव्या भागाचेच असते, त्यामुळे वापरणाऱ्याने ०.१ मिलिमीटर असे लिहिले तरी छापखान्याकडे जाणाऱ्या फाइलीत ते सुमारे ०.२८३ होऊन पोचते. एककाची निवड ही यंत्राच्या अचूकतेसाठी नसून माणसाच्या सोयीसाठी आहे, ती अशी: नेहमी लागणाऱ्या जाड्या त्या एककात सुटसुटीत, लक्षात राहणाऱ्या आकड्यांनी सांगता आल्या पाहिजेत. पाव, अर्धा, पाऊण, एक, दोन या पॉइंटांतील जाड्या अशा आहेत; त्याच मिलिमीटरमध्ये लिहिल्या की ०.०८८, ०.१७६, ०.२६५, ०.३५३ आणि ०.७०६ होतात, आणि सेंटिमीटरमध्ये तर दशांश चिन्हानंतर एक शून्य आणखी वाढते. पडद्यावरच्या चौकटीत दशांशाची दोनच स्थळे मावत असतील, तर अर्ध्या पॉइंटाची रेघ ०.०१८ ऐवजी ०.०२ सेंटिमीटर अशी दिसते. कोणी तो आकडा खरा मानून दुसऱ्या रेघेला दिला, तर ती पहिलीपेक्षा तेरा टक्के जाड होते. एकाच तक्त्यात अशा दोन रेघा शेजारी आल्या की सामान्य वाचकाला कारण सांगता येत नाही, पण पान कुठेतरी बिघडले आहे हे कळते. स्क्रायबससारख्या मुक्त प्रणालीत पानाची मापे मिलिमीटरमध्ये ठेवूनही रेघेची जाडी पॉइंटमध्येच दाखवली जाते आणि इनडिझाइनमध्ये रेघेचे एकक वेगळे निवडता येते. त्यामागे हीच व्यावहारिक जाण आहे. अशा प्रणालींमध्ये चालू एकक कोणतेही असो, आकड्यापुढे एककाचे संक्षिप्त रूप लिहिले की रूपांतर आपोआप होते, ही सोय असूनही अनेक जण बाजूला गणकयंत्र घेऊन बसतात.

पॉइंटाच्या बाजूने याहून वजनदार कारण आहे ते अक्षराच्या शेजाराचे. रोमन लिपीत रेघ ही अक्षरांपासून वेगळी अशी सजावटीची वस्तू असते. देवनागरीत मात्र मजकुराच्या प्रत्येक ओळीला स्वतःची आडवी रेघ, म्हणजे शिरोरेषा, आधीच असते. फाँटमध्ये शिरोरेषेची जाडी पॉइंटमध्येही नसते आणि मिलिमीटरमध्येही नसते, तर अक्षराच्या चौकटीचे हजार किंवा दोन हजार अठ्ठेचाळीस भाग कल्पून त्यातील इतके भाग, अशी ती ठरलेली असते. समजा एखाद्या फाँटमध्ये ती हजारांपैकी साठ भाग आहे. तर बारा पॉइंटच्या मजकुरात ती ०.७२ पॉइंट भरते आणि छत्तीस पॉइंटच्या मथळ्यात २.१६ पॉइंट. अक्षराचा आकार पॉइंटमध्ये असल्याने हा गुणाकार तोंडी होतो आणि तक्त्यातील रेघ शिरोरेषेपेक्षा बारीक ठेवायची की ठळक, याचा निर्णय आकड्यावर घेता येतो. मराठी तक्त्यांत बहुधा ती स्पष्टपणे बारीक असावी, कारण दोन्ही सारख्या जाडीच्या झाल्या की डोळ्याला रेघांचीच रांग दिसते आणि मजकूर तिला लोंबकळल्यासारखा वाटतो. इंग्रजी नमुन्यावरून उचललेली एक पॉइंटची रेघ मराठी तक्त्यात जड वाटते, ती याचमुळे.

मिलिमीटरचे राज्य आहे ते नकाशे, यंत्रांची रेखाचित्रे आणि इमारतींचे आराखडे यांत. आंतरराष्ट्रीय मानकानुसार तेथील रेघा ०.१३, ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ आणि १ मिलिमीटर अशा चढत्या क्रमाने येतात, आणि प्रत्येक जाडी मागच्या जाडीच्या सुमारे १.४१ पट, म्हणजे दोनच्या वर्गमुळाइतक्या पट, असते. हे गुणोत्तर ए-४ आणि ए-३ या कागदांच्या बाजूंमधलेही आहे. म्हणून ए-४ वरील आराखडा ए-३ वर मोठा केला की ०.३५ ची रेघ आपोआप ०.५ ची होते आणि पुन्हा प्रमाणात बसते. ही रचना इतकी नेटकी आहे की तिच्यात पॉइंट घुसवणे म्हणजे निव्वळ अडाणीपणा ठरेल. जपानमधील जुळणीतही मिलिमीटरच प्रमाण आहे: तेथे अक्षराचा आकार पाव मिलिमीटरच्या ‘क्यू’ या एककात मोजतात. धातूच्या जमान्यात तेथील रेघेची पट्टी एका कडेने बारीक आणि दुसऱ्या कडेने जाड असे. बारीक कड वर ठेवली की सुमारे ०.१ मिलिमीटरची रेघ उठे, पट्टी उलटी केली की सुमारे ०.४ मिलिमीटरची, आणि ‘पुढची रेघ’, ‘मागची रेघ’ अशा अर्थाची त्यांची नावे पुढेही टिकली.

सर्वांत घातक पर्याय मात्र पॉइंटही नाही आणि मिलिमीटरही नाही. तो ‘हेअरलाइन’, म्हणजे केसाइतकी बारीक रेघ, हा आहे. हा शब्द एककाच्या रांगेत बसवलेला असला तरी ते एकक नव्हे, कारण त्याचा अर्थ प्रत्येक प्रणालीत निराळा असतो: कोठे तो पाव पॉइंट, कोठे त्याहूनही कमी, तर कोठे चक्क शून्य. पोस्टस्क्रिप्टमध्ये शून्य जाडी म्हणजे त्या यंत्राला काढता येईल तेवढी बारीक, अर्थात एका ठिपक्याची रेघ. इंचाला तीनशे ठिपके पाडणाऱ्या लेझर प्रिंटरवर ती ०.०८५ मिलिमीटरची येते आणि प्रूफ वाचणाऱ्याला सुबक वाटते. तीच फाइल इंचाला चोवीसशे ठिपके पाडणाऱ्या प्लेटच्या यंत्रावर गेली की रेघ ०.०१ मिलिमीटरवर येऊन छपाईत तुटते किंवा नाहीशी होते. फिकट रेघ दिसली की दोष छपाईवाल्याच्या माथी मारला जातो, पण चूक बहुधा पान लावतानाच झालेली असते.

ठिपक्यांचा हा हिशेब ठरावीक जाडीच्या रेघेलाही सुटत नाही. तीनशे ठिपक्यांच्या प्रिंटरवर ०.६ पॉइंट म्हणजे अडीच ठिपके. अर्धा ठिपका काढता येत नसल्याने तक्त्यातील काही रेघा दोन ठिपक्यांच्या तर काही तीन ठिपक्यांच्या होऊ शकतात. सहाशे ठिपक्यांच्या प्रिंटरवर त्याच सर्व रेघा पाच ठिपक्यांच्या येतात आणि तक्रार मिटते. शिवाय चित्र लहान-मोठे करताना रेघेची जाडीही त्याबरोबर बदलायची की नाही, हे बहुतेक प्रणालींमध्ये वेगळे सांगावे लागते. ते न पाहता पूर्ण पानाची जाहिरात निम्मी केली, तर पाव पॉइंटची चौकट अष्टमांश पॉइंटची होऊन बसते.

मजकुराच्या सोबतीला येणाऱ्या रेघा पॉइंटमध्ये आणि आराखड्यातील रेघा मिलिमीटरमध्ये ठेवाव्यात. एका रंगाच्या रेघेला पाव पॉइंटच्या खाली नेऊ नये, गडद पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या रेघेला निदान अर्धा पॉइंट द्यावा, कारण तेथे शाई दोन्ही बाजूंनी आत सरकते, आणि अनेक रंगांच्या मिश्रणातून होणाऱ्या रेघेला त्याहून जाड ठेवावे. फाइल छापखान्यात धाडण्यापूर्वी ‘हेअरलाइन’ असे नाव असलेली प्रत्येक रेघ शोधून तिच्या जागी आकडा लिहावा.