वजाबाकी आणि क्यूसॉर्ट

कुठल्याही जुन्या कोडबेसमध्ये ही तीन भावंडं भेटतातच: नावाप्रमाणे यादी लावणारं फंक्शन, पगाराप्रमाणे लावणारं आणि रुजू तारखेप्रमाणे लावणारं. तिन्ही कॉपी-पेस्ट, फरक फक्त तुलनेच्या ओळीत. पहिल्यातला बग सुधारणारा उरलेल्या दोघांकडे ढुंकूनही पाहत नाही.

सी भाषेतल्या क्यूसॉर्टने हे दुखणं केव्हाच संपवलं. यादीचा पत्ता द्या, नग किती ते सांगा, एका नगाचे बाइट सांगा आणि चौथं, तुलनेचं फंक्शन हाती सोपवा. क्यूसॉर्टला पगार कशाशी खातात ते ठाऊक नसतं. तो दोन नग पुढे करून विचारतो, आधी कोण? उत्तर उणे, शून्य किंवा अधिक.

इथेच हुशार मंडळींनी शॉर्टकट काढला: सरळ ‘अ वजा ब’ परत करायचं! एका ओळीत काम. दिसायला देखणं आणि लहान आकड्यांवर बिनचूक. पण २ अब्जातून उणे २ अब्ज वजा केले तर येणारे ४ अब्ज ३२ बिटांत मावत नाहीत. जावामध्ये हातात पडतं उणे २९,४९,६७,२९६. म्हणजे मोठा आकडा धाकटा ठरला.

जुने सॉर्ट असली उत्तरं मुकाट गिळायचे आणि यादी चुकीची लावायचे. २०११ साली जावा ७ मध्ये टिम पीटर्स यांचा टिमसॉर्ट आला. उत्तरांतली विसंगती लक्षात आली की तो थेट एक्सेप्शन फेकतो: ‘कम्पॅरिझन मेथड व्हायोलेट्स इट्स जनरल कॉन्ट्रॅक्ट!’ कालपर्यंत चालणारे प्रोग्रॅम कोसळले आणि खापर फुटलं सॉर्टवर. जावाने जुना मर्जसॉर्ट परत आणणारं एक सेटिंगही ठेवलं होतं. ते चालू केलं की आरडाओरडा थांबायचा, बग मात्र जागच्या जागी.

सी मध्ये प्रकरण आणखी गंभीर निघालं. जानेवारी २०२४ मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं, की विसंगत तुलना मिळाली आणि मेमरी अपुरी पडली, तर जीलिबसी या सी लायब्ररीचा क्यूसॉर्ट यादीच्या हद्दीबाहेर वाचू-लिहू शकतो. जीलिबसीवाल्यांचं म्हणणं, दोष चुकीची तुलना देणाऱ्याचा. नियमाने ते बरोबरच होतं. तरी त्यांनी कोड भक्कम केला.

तुमच्या कोडमध्ये तुलनेच्या जागी वजाबाकी असेल, तर आजच काढा. जावात त्यासाठी ‘इंटिजर डॉट कम्पेअर’ तयारच आहे.